सिरपमधलं विष पकडणारी ज्योत: ‘एफआयडी’ म्हणजे काय आणि तो साफ का ठेवावा लागतो?

ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘कोल्ड्रिफ’ हे खोकल्याच्या औषधाचं नाव आपल्या सगळ्यांच्या टाइमलाइनवर होतं. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात लहान मुलांच्या किडन्या निकामी होत होत्या, त्यातल्या अनेकांना उपचारांसाठी शेजारच्या नागपुरात आणलं जात होतं. वीसहून जास्त मुलं दगावली. तमिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागानं या सिरपची एक बॅच तपासली, तेव्हा त्यात ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकॉल निघालं. हे रसायन ब्रेक फ्लुइड आणि औद्योगिक कामांत वापरतात. औषधात त्याची मर्यादा ०.१ टक्का धरली जाते.

तो ४८.६ चा आकडा सगळीकडे फिरला. पण असा आकडा लॅबमध्ये निघतो कसा, हे फारसं कुणी सांगितलं नाही.

सिरपमधलं डायएथिलिन ग्लायकॉल मोजण्याची जगभर रुळलेली पद्धत म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफी, लॅबच्या भाषेत ‘जीसी’. जागतिक आरोग्य संघटनेनं सुचवलेल्या पद्धतीत आधी एक स्वस्त प्राथमिक चाचणी करतात आणि मग पक्का आकडा काढायला जीसी वापरतात. या जीसीच्या शेवटच्या टोकाला एक छोटीशी ज्योत जळत असते. ती डोळ्यांना जवळपास दिसतच नाही, पण रिपोर्टवरचा आकडा तिच्यातूनच येतो. आणि ती ज्योत जिथे जळते तो भाग घाण झाला, की आकड्यावरचा भरवसा कमी होतो. कसा आणि किती, ते जरा नीट समजून घेऊ. कारण ‘घाण डिटेक्टर म्हणजे खोटा रिपोर्ट’ इतकं हे सरळ नाही.

आधी जीसी काय करतो ते बघू

सिरपमध्ये पाणी, साखर किंवा सॉर्बिटॉल, प्रोपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन, रंग, वास आणि औषध असं बरंच काही एकत्र असतं. डायएथिलिन ग्लायकॉल दिसायला, चवीला, हाताला जवळपास प्रोपिलिन ग्लायकॉलसारखंच. म्हणजे दोन्ही रंगहीन, घट्टसर आणि गोडसर. नुसत्या डोळ्यांनी वेगळं करणं अशक्य.

जीसीमध्ये सॅम्पलचा एखादा थेंबसुद्धा लागत नाही. एक मायक्रोलिटर, म्हणजे एका मिलिलिटरचा हजारावा भाग, सुईनं आत सोडतात. तिथल्या उष्णतेनं त्यातल्या वाफ होणाऱ्या पदार्थांची वाफ होते आणि हेलियम किंवा नायट्रोजनसारखा वायू ती वाफ एका लांबलचक, केसासारख्या बारीक नळीतून ढकलत नेतो. ही नळी म्हणजे ‘कॉलम’. बहुतेकदा ३० मीटर लांब, आणि ओव्हनमध्ये गुंडाळून ठेवलेली.

आठवडी बाजाराच्या अरुंद गल्लीतून शंभर माणसं एकदम सोडली तर काय होईल? कुणी सरळ चालत बाहेर पडेल, कुणी प्रत्येक दुकानापाशी रेंगाळेल. कॉलमच्या आतल्या भिंतीवर असलेल्या लेपामुळे रसायनांचं नेमकं हेच होतं. प्रोपिलिन ग्लायकॉल एका मिनिटाला बाहेर पडतं, डायएथिलिन ग्लायकॉल त्यानंतर काही मिनिटांनी. गल्लीच्या तोंडाशी बसून कोण केव्हा बाहेर पडलं आणि किती संख्येनं, हे मोजणारा जो असतो, तो डिटेक्टर.

ज्योतीला विष ‘कळतं’ कसं?

एफआयडी म्हणजे फ्लेम आयोनायझेशन डिटेक्टर. १९५० च्या दशकाच्या शेवटी ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये मॅकविल्यम आणि ड्युअर यांनी, आणि जवळपास त्याच वेळी दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियात दुसऱ्या एका गटानं तो स्वतंत्रपणे तयार केला. सत्तरेक वर्षं होत आली, तरी मूळ रचना फारशी बदललेली नाही.

एक बारीक तोटी असते, तिला ‘जेट’ म्हणतात. तिचं भोक साधारण एक तृतीयांश मिलिमीटर. त्यातून हायड्रोजन वर येतो, बाजूनं हवा येते आणि तोटीच्या टोकावर ज्योत पेटते. हायड्रोजन मिनिटाला ३०-४० मिलिलिटर, हवा त्याच्या दहापट. कॉलममधून आलेली वाफ याच ज्योतीत जळते.

शुद्ध हायड्रोजन जळताना विद्युतभार असलेले कण, म्हणजे आयन, जवळपास तयार होत नाहीत. पण कार्बन-हायड्रोजन असलेला पदार्थ त्यात जळला, की लाखात एखाद्या कार्बन अणूमागे एखादा आयन तयार होतो. ज्योतीच्या वर धातूची एक पोकळ नळी असते, तिला ‘कलेक्टर’ म्हणतात. जेट आणि कलेक्टर यांच्यामध्ये दोन-तीनशे व्होल्टचा दाब ठेवलेला असतो, त्यामुळे हे आयन कलेक्टरकडे ओढले जातात आणि वीज वाहते.

ही वीज किती? पिकोअँपिअरमध्ये. तुमचा मोबाइल चार्जर साधारण दोन अँपिअर देतो. एक पिकोअँपिअर म्हणजे एका अँपिअरचा एक लाख कोटीवा भाग. हा प्रवाह वाढला की कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर रेषा वर जाते, कमी झाला की खाली येते. तो जो डोंगर तयार होतो त्याला ‘पीक’ म्हणतात. डोंगराचं क्षेत्रफळ म्हणजे पदार्थाचं प्रमाण.

पाणी, नायट्रोजन, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड यांना एफआयडी जवळपास प्रतिसादच देत नाही. दोष वाटेल, पण याचा फायदाच होतो. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या प्रकरणात रक्ताचा नमुना फॉरेन्सिक लॅबकडे जातो, तेव्हा त्यातलं अल्कोहोलही बहुतेकदा जीसी-एफआयडीवरच मोजतात. कायद्यातली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. रक्तात बहुतांश पाणीच असतं, पण एफआयडी त्याकडे बघतही नाही, त्याला फक्त अल्कोहोल दिसतं.

सगळं जळून जातं, मग घाण येते कुठून?

मलाही आधी हाच प्रश्न पडला होता. ज्योतीत गेलेल्या गोष्टीचं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं आणि ते वर निघून जातं. मग साफ काय करायचं?

पहिला गुन्हेगार कॉलम स्वतः. त्याच्या आतला लेप बहुतेकदा सिलिकॉन जातीच्या पॉलिमरचा असतो, म्हणजे बाथरूमच्या फटी बुजवायला वापरतात त्या सिलिकॉनचा लांबचा नातेवाईक. ओव्हन ३०० अंशांपर्यंत तापला की हा लेप कणाकणानं सुटतो. लॅबमधले याला कॉलमचं ‘ब्लीडिंग’ म्हणतात. त्यातलं सिलिकॉन ज्योतीत जळतं, पण त्याचा वायू होत नाही. त्याची सिलिका होते, रासायनिकदृष्ट्या वाळूच. ही पांढरी भुकटी जेटच्या टोकावर आणि कलेक्टरच्या आत साचत जाते. काही चाचण्यांमध्ये सॅम्पलवर मुद्दाम सिलिकॉन असलेल्या रसायनांची प्रक्रिया करतात. तिथे ही भुकटी आणखी पटकन जमते.

दुसरा प्रकार काळा. क्लोरोफॉर्म, डायक्लोरोमिथेन यांसारखे क्लोरीनवाले द्रावक किंवा टोल्युइनसारखे सुगंधी गटातले द्रावक पूर्ण जळत नाहीत आणि काजळी धरते. कंदिलाची वात जास्त वर केली की काच काळी होते, तसं. शिवाय क्लोरीनवाल्यांमधून ज्योतीत हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं आणि ते धातूला गंजवतं.

मग बारीकसारीक कचरा. कॉलम बसवताना वापरतात त्या ग्राफाइटच्या छोट्या वायसरचे (त्याला ‘फेरुल’ म्हणतात) तुकडे वर जाऊन जेटमध्ये अडकतात. कॉलम गरजेपेक्षा जास्त वर सरकवला असेल तर त्याच्यावरचं प्लास्टिकसारखं आवरण थेट ज्योतीत भाजतं.

आणि पाणी. हायड्रोजन जळला की पाणी होणारच. डिटेक्टर गरम असेल तर ते वाफ होऊन निघून जातं. म्हणूनच डिटेक्टरचं तापमान १५० अंशांच्या खाली ठेवत नाहीत, बहुतेक वेळा ते २५० ते ३०० असतं. घाईत थंड डिटेक्टरवर ज्योत पेटवली की आत ओल धरते आणि पुढे गंज.

गॅसचाही यात हात असतो. हवेचा कॉम्प्रेसर असेल आणि त्याच्या पुढचा फिल्टर संपला असेल, तर तेलाची वाफ आणि ओलावा सरळ ज्योतीत जातो. त्यानं काही साचेलच असं नाही, पण बेसलाइन वर चढते. ओलावा शोषणाऱ्या फिल्टरमध्ये रंग बदलणारे दाणे असतात. पावसाळ्यात ते किती लवकर रंग बदलतात, हे कोकणपट्टीतल्या कुठल्याही लॅबवाल्याला विचारा.

डिटेक्टर घाण झाला हे ओळखायचं कसं?

काही पीक बाहेर येत नसताना स्क्रीनवरची रेषा सरळ असायला हवी. तिला बेसलाइन म्हणतात. डिटेक्टर मळला की या रेषेवर गवत उगवतं, म्हणजे रेषा सतत थरथरते. कधी अचानक उभा काटा येतो आणि जातो, तो बऱ्याचदा काजळीचा कण हलल्यामुळे. कधी रेषा हळूहळू वर सरकत राहते. ज्योत पेटायला त्रास देते किंवा द्रावकाचं मोठं पीक आलं की विझते. आणि तेच स्टँडर्ड द्रावण, तितकंच सोडूनही पीक दर महिन्याला थोडं थोडं बुटकं होत जातं.

पण यातलं जवळपास प्रत्येक लक्षण दुसऱ्या बिघाडामुळेही दिसू शकतं. रबरी पडदा झिजलाय, इंजेक्टरची काच घाण आहे, कुठे गॅस गळतोय, सिलिंडर संपत आलाय, कॉलमच म्हातारा झालाय. यातलं काहीही असू शकतं. म्हणून लगेच पाना घेऊन डिटेक्टर उघडणं चुकीचं. आधी दोन साध्या गोष्टी करून बघायच्या.

एक, ज्योत विझवून सिग्नल बघायचा. ज्योत नसताना वीज वाहायलाच नको. नव्या, स्वच्छ डिटेक्टरमध्ये हा आकडा एक-दोन पिकोअँपिअरच्या आत असतो. ज्योत नसतानाही तो बराच जास्त असेल, तर कलेक्टरच्या भोवतीच्या विद्युतरोधक भागांवर घाण किंवा ओल बसली आहे आणि वीज तिथून झिरपते आहे.

दोन, कॉलम डिटेक्टरपासून सोडवून, डिटेक्टरचं खालचं तोंड बंद टोपीनं सील करून, मग ज्योत पेटवायची. आता रेषा शांत झाली तर डिटेक्टर निर्दोष आहे, दुखणं कॉलममध्ये किंवा त्याच्या अलीकडे आहे. तरीही गवत तसंच राहिलं तर दोष डिटेक्टरचा किंवा त्याला येणाऱ्या गॅसचा. या एका चाचणीनं अर्धा दिवस वाचतो.

ज्योत पेटली आहे का, हे बघायचीही युक्ती आहे. हायड्रोजनची ज्योत दिसत नाही, त्यामुळे डोकावून उपयोग नाही. उलट चेहरा भाजायचा. डिटेक्टरच्या धुराड्यावर थंड, चकचकीत पाना किंवा आरसा क्षणभर धरायचा. त्यावर दव धरलं तर ज्योत आहे, कारण जळणाऱ्या हायड्रोजनचं पाणी होतंय.

मग घाण डिटेक्टरवर आलेला रिपोर्ट चुकीचा असतो का?

समजा डिटेक्टर मळल्यामुळे प्रत्येक पीक ४० टक्क्यांनी बुटकं येतंय. म्हणजे विषाचं प्रमाणही ४० टक्के कमी दिसेल का? नाही. कारण लॅबमध्ये आकडा पिकाच्या उंचीवरून थेट काढत नाहीत. ज्याचं प्रमाण आधीच माहीत आहे असं स्टँडर्ड द्रावण त्याच दिवशी, त्याच यंत्रावर चालवतात आणि सॅम्पलची तुलना त्याच्याशी करतात. डिटेक्टर बहिरा झाला असेल तर तो दोघांच्याही बाबतीत सारखाच बहिरा असतो. तुलना बरोबर येते.

म्हणजे ४८.६ टक्क्यांसारखं प्रमाण अगदी मळलेल्या डिटेक्टरनंही पकडलं असतं. कोल्ड्रिफच्या प्रकरणात प्रश्न डिटेक्टरच्या सफाईचा नव्हताच. विष असलेली बॅच बाजारात येण्याआधी अडवली गेली नाही, हा प्रश्न होता. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच रसायनानं भेसळ झालेलं ग्लिसरीन दिल्यामुळे १४ रुग्ण दगावले आणि त्यावर लेंटिन आयोग नेमला गेला. तिथेही चर्चा झाली ती यंत्रणेच्या ढिसाळपणाची. त्यामुळे ‘मशीन साफ नव्हतं’ हे कारण कुणी मोठ्या भेसळीसाठी पुढे केलं, तर ते ऐकून घेऊ नका.

खरा धोका सीमेवर असतो. ०.१ टक्क्याच्या आसपास.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. स्वच्छ डिटेक्टरवर ०.१ टक्क्याच्या स्टँडर्डचं पीक १०० युनिट उंच येतं आणि बेसलाइनची थरथर ५ युनिट आहे. म्हणजे पीक थरथरीच्या २० पट. आता डिटेक्टर मळला. पीक ६० वर आलं आणि थरथर १५ वर गेली. आता पीक फक्त ४ पट. विश्लेषणशास्त्रात सर्वसाधारण संकेत असा की पीक थरथरीच्या ३ पट असेल तर ‘काहीतरी आहे’ असं म्हणता येतं आणि १० पट असेल तरच ‘इतकं आहे’ असं आकड्यात सांगता येतं. म्हणजे या मळलेल्या डिटेक्टरवर ०.१ टक्का विष ‘आहे’ असं कळेल, पण नेमकं किती ते खात्रीनं सांगता येणार नाही. आणि ०.०५ टक्के असेल तर पीक गवतात हरवून जाईल. रिपोर्टवर येईल ‘आढळलं नाही’.

‘आढळलं नाही’ या शब्दांचा खरा अर्थ असा असतो: आमच्या यंत्राला त्या दिवशी जितकं बारीक दिसत होतं, त्यात ते दिसलं नाही.

दुसरा धोका, बिघाड स्थिर नसण्याचा. सकाळी स्टँडर्ड चालवलं, दुपारी सॅम्पल, आणि मधल्या वेळात काजळीचा कण जेटवर सरकला. आता दोघांसाठी बहिरेपणा सारखा राहिला नाही, तुलनाच बिघडली. म्हणून एकच स्टँडर्ड पाच-सहा वेळा सोडून सगळी पिकं जवळपास सारखी येतात का, हे आधी तपासतात. सॅम्पल्सच्या मधेमधे पुन्हा स्टँडर्ड घालतात. आणि रक्तातल्या अल्कोहोलसारख्या चाचणीत नमुन्यातच ठरावीक प्रमाणात दुसरा एक पदार्थ मिसळतात, म्हणजे दोन्ही पिकं एकाच वेळी, एकाच ज्योतीतून मोजली जातात. या तपासण्या मनापासून केल्या तर मळलेला डिटेक्टर आपोआप उघडा पडतो. कागदावर टिकमार्क करण्यापुरत्या केल्या तर पडत नाही.

आता सफाई

सूचना आधीच: हे घरी किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये एकट्यानं करून बघायचं काम नाही. प्रत्येक कंपनीच्या यंत्राची रचना वेगळी असते आणि मॅन्युअल हाच शेवटचा शब्द. इथे फक्त काम कसं चालतं ते सांगतोय.

सगळ्यात सौम्य उपाय म्हणजे भाजून काढणं. कॉलम काढून डिटेक्टरचं तोंड सील करतात, ज्योत पेटती ठेवून तापमान ३५० अंशांच्या आसपास नेतात आणि काही तास तसंच ठेवतात. चिकटलेली सेंद्रिय घाण जळून जाते. सिलिका मात्र यानं हलत नाही. वाळूला ३५० अंशांनी काय होणार? तिच्यासाठी डिटेक्टर उघडावाच लागतो.

उघडण्याआधी ज्योत आणि हायड्रोजन बंद, हवा बंद, डिटेक्टरचा वीजपुरवठा बंद, आणि तापमान खाली येईपर्यंत वाट बघायची. हायड्रोजनबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही हायड्रोजन असला तरी ठिणगीनं स्फोट होऊ शकतो. कॉलम काढलेला आहे, खालचं तोंड उघडं आहे आणि कुणी विसरून हायड्रोजन सुरू केला, तर तो ज्योतीकडे जाण्याऐवजी खाली ओव्हनमध्ये भरतो. ओव्हनचा हीटर चालू झाला की दार उडण्याइतका स्फोट होऊ शकतो. म्हणून कॉलम नसेल तेव्हा तोंडाला टोपी हवीच.

मग वरचा कलेक्टर सोडवतात. इथून पुढे हात लावायचा तो धागे न सुटणारे स्वच्छ हातमोजे घालून. बोटांवरचं तेल म्हणजे कार्बनच. तापल्यावर तेही सिग्नल देणार. कलेक्टरला जोडणारी एक बारीक स्प्रिंग असते. ती वाकली किंवा मळली तर सफाईनंतर गवत आणखी वाढतं आणि माणूस बिघाड भलतीकडेच शोधत बसतो.

जेट योग्य मापाच्या पान्यानं काढतात. कलेक्टर आणि जेटवरचा कोरडा थर मऊ ब्रशनं झाडतात. जेटच्या भोकात खास बारीक तार हळूच घालून कचरा मोकळा करतात. हळूच, कारण आतल्या भिंतीवर ओरखडा पडला तर ज्योत वाकडी होते आणि मग कितीही घासा, पीक नीट येत नाही. नंतर भाग साबणाच्या पाण्यात टाकून सोनिकेटरमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी धुणाऱ्या भांड्यात, काही मिनिटं ठेवतात. दागिने आणि चष्मे धुवायला सराफाकडे, चष्म्याच्या दुकानात असतं तसलंच ते यंत्र. मग गरम पाण्यानं खळखळून धुणं, शेवटी मिथेनॉलनं, आणि स्वच्छ हवा किंवा नायट्रोजनचा फवारा मारून कोरडं करणं. काही लोक चिनी मातीचे किंवा टेफ्लॉनचे विद्युतरोधक भाग पुसायला विसरतात. मघाशी सांगितलेली वीज झिरपते ती तिथूनच.

माझं मत विचाराल तर जेटच्या बाबतीत फार कष्ट घेऊ नयेत. जेट हा बदलायचाच भाग आहे आणि अख्ख्या यंत्राच्या तुलनेत त्याची किंमत किरकोळ असते. एकदा धुऊन पीक पूर्ववत झालं नाही, तर नवा घालावा. जुना घासत बसण्यात गेलेला दिवस जास्त महाग पडतो.

परत बसवताना जेट करकचून आवळायचा नाही, नाहीतर पुढच्या वेळी निघत नाही. कॉलमचं टोक सरळ कापून, मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापानं, जेटच्या टोकाच्या एक ते तीन मिलिमीटर खाली राहील असं ठेवायचं. वर गेलं तर जळतं, फार खाली राहिलं तर वाफ रेंगाळते आणि पिकाची शेपटी लांबते.

मग आधी डिटेक्टर तापवायचा, नंतर गॅस, नंतर ज्योत. पेटताना ‘पॉप’ असा बारीक आवाज येतो. सुरुवातीचा तास-दोन तास रेषा खाली उतरत राहते, तेव्हा घाई करायची नाही. रेषा स्थिर झाली की आधी रिकामं द्रावक चालवायचं, मग स्टँडर्ड, आणि पीक व थरथर सफाईआधीच्या आकड्यांशी ताडून बघायची.

किती दिवसांनी करायचं?

याचं एक ठरलेलं उत्तर नाही. दिवसाला चार स्वच्छ सॅम्पल चालवणाऱ्या लॅबचा डिटेक्टर वर्षभरही टिकेल. क्लोरीनवाल्या द्रावकांत काम करणाऱ्या, रात्रंदिवस यंत्र चालवणाऱ्या लॅबला महिन्या-दोन महिन्यांत उघडावं लागेल. कॅलेंडरपेक्षा आलेख भरवशाचा. रोजच्या स्टँडर्डच्या पिकाचं क्षेत्रफळ आणि ज्योत पेटती असतानाचा रिकामा सिग्नल एवढे दोनच आकडे रोज लिहिले, तर उतार महिनाभर आधी दिसायला लागतो.

आणि लिहिणं महत्त्वाचं. जेट कधी बदलला, कुणी बदलला, आधी आणि नंतर पीक किती होतं, याची लॉगबुकमध्ये नोंद नसेल, तर पुढे कोर्टात किंवा तपासणीत तो आकडा टिकवणं अवघड जातं. दोष यंत्राचा नसला तरीही. औषध कंपन्यांसाठीच्या सुधारित शेड्यूल एममध्येही उपकरणांची देखभाल आणि तिच्या नोंदी अपेक्षित आहेत. प्रत्यक्षात छोट्या लॅबमध्ये बऱ्याचदा एकच केमिस्ट सॅम्पल चालवतो, रिपोर्ट टाइप करतो, सिलिंडर बदलतो आणि यंत्रही साफ करतो. बॅच सोडायची घाई असते, तेव्हा सफाई ‘उद्या’वर जाते.

पुढच्या वेळी एखाद्या औषधाचा किंवा मसाल्याचा लॅब रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर आला आणि त्यात ‘आढळलं नाही’ किंवा नुसतं ‘एनडी’ लिहिलेलं दिसलं, तर त्याच ओळीत शेजारी एक आकडा शोधा. कितीपर्यंत बारीक मोजता येत होतं, ती मर्यादा चांगल्या रिपोर्टवर दिलेली असते. डायएथिलिन ग्लायकॉलच्या रिपोर्टवर ती ०.१ टक्क्याच्या बरीच खाली हवी. ती जागा रिकामी असेल, तर फॉरवर्ड करण्याआधी तो रिपोर्ट कोणत्या लॅबचा आहे ते विचारा.